बस्तीच्या पायरीवर

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सात वर्षांचा झाला तरी बस्तीच्या आत गेला नव्हता. आमच्या आळंद-कलबुर्गी भागात जैन मंदिराला बस्ती म्हणतात. १९९५ च्या दशलक्षण पर्वात बहीण माहेरी आली होती. आम्ही सगळ्या अभिषेकाला आत, आणि ही मायलेकरं बाहेर शेवटच्या पायरीवर. आतून जे जे ऐकू येईल ते तो बाहेर बसून खड्या आवाजात म्हणत होता. सगळं पाठ होतं त्याला. मी बाहेर येऊन म्हटलं, "चल की गं आत." ती म्हणाली, "नको अक्का. मध्येच शी निसटली तर लोकांची पूजा बिघडंल."

कुणी त्यांना हाकललं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. आमच्याकडं हाकलायची वेळच येत नाही. बाई आधीच मागं सरकून बसते.

तो मुलगा आता पस्तिशीच्या पुढं आहे. पुण्यात नोकरी करतो. हा लेख मी त्याच्या सांगण्यावरून लिहिते आहे. "नाव घालू नकोस मावशी, बाकी सगळं लिही. शी हा शब्दही लिही. त्या शब्दाला लाजूनच आपली निम्मी वर्षं गेली," असं तो म्हणाला. तेव्हा मीही लाजणार नाही. वाचणाऱ्या बायांनीही लाजू नये. घरातल्या प्रत्येक लेकराची शी आपणच काढलेली असते.

त्याचा जन्म १९८८ चा, भालकी तालुक्यातल्या एका खेड्यात, घरीच. दाई जुनी, हाताला यश असलेली. बाळ रडलं, रंग चांगला होता, सगळं ठीक दिसलं. सुवेर पाळलेलं, बाळंतिणीच्या खोलीत दुसरं कुणी जायचं नाही, अंधार. बाळ पहिला दिवस दूध प्यायलं. दुसऱ्या दिवशी दूध टाकायला लागलं, पोट नगाऱ्यासारखं ताणलं, संध्याकाळी हिरवी उलटी झाली. दुपटं कोरडंच होतं, पण शी झाली नाही याकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. दाईला परत बोलावलं. तिनं बाळाला पालथं केलं, कंदील जवळ घेतला आणि म्हणाली, "अक्का, लेकराला शीची जागाच न्हाई की वो."

जिथं छिद्र असायचं तिथं नुसता एक खळगा होता.

हे ऐकून माझ्या आईला वाटलं, असलं कधी कुणी ऐकलं नसेल. पण हा प्रकार जगात साधारण पाच हजार जन्मांमागं एकदा होतो. कुठल्याही जातीत, कुठल्याही देशात. भालकी किंवा आळंदसारख्या तालुक्यात दर वर्षा-दोन वर्षांत असं एखादं बाळ जन्माला येतच असणार. आपण ऐकत नाही, कारण पूर्वी ती बाळं आठवड्याच्या आत जायची आणि "पोट फुगून गेलं" एवढंच सांगितलं जायचं. पुढं जगायला लागली तेव्हा आयांनी कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी एसटीनं सोलापूर. सोलापूरच का, तर तिथं आमचे चुलते होते. याला एक इतिहास आहे, तो थोडक्यात सांगते. १९५६ पर्यंत बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात, मग हैदराबाद राज्यात होते. आमच्या आजीच्या तोंडी मोठा दवाखाना म्हणजे हैदराबाद. निजामाची सून राजकुमारी निलोफर हिची एक दासी बाळंतपणात दगावली, त्या दुःखातून तिनं बायका-मुलांसाठी रुग्णालयाचा आग्रह धरला आणि १९५३ ला तिच्याच नावाचं निलोफर रुग्णालय सुरू झालं. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, भाषेवर राज्यं वाटली गेली. बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही, आणि जुना दवाखाना तेलुगू राज्यात. गुलबर्ग्याला १९६३ ला वैद्यकीय महाविद्यालय झालं, त्याच वर्षी सोलापूरलाही झालं. बीदरला ते २००७ ला आलं. पण लहान बाळाच्या आतड्यावर हात चालवणारा सर्जन ही वेगळीच गोष्ट आहे. भारतात बालशल्यचिकित्सकांची स्वतंत्र संघटनाच १९६५ च्या सुमारास उभी राहिली. तेव्हा आमच्या सीमाभागातल्या आईनं लेकरू पदराखाली घेऊन कुठल्या दिशेची गाडी पकडायची, हे नातेवाईक कुठं राहतात त्यावर ठरायचं.

सोलापुरात त्याच्या पोटावर डाव्या बाजूला आतडं बाहेर काढलं आणि शीला तिथून वाट करून दिली. जीव वाचला. पिशव्या मिळायच्या, पण महाग, आणि बाळाच्या कातडीवर टिकायच्या नाहीत. बहिणीनं जुन्या सुती लुगड्यांचे चौकोन फाडले, घडी घालून पोटाला बांधले, दिवसातून दहा-बारा वेळा बदलले. कातडी सोलून लाल व्हायची, तिला खोबरेल लावायची. दीड वर्ष.

पुढं या विषयावर मिळेल ते वाचायची सवय मला लागली. सर्जनांचा इतिहास वाचला, तो मोठा थरारक आहे. सातव्या शतकात पॉल ऑफ एजिना नावाच्या ग्रीक वैद्यानं लिहून ठेवलं होतं की नुसता पातळ पडदा असेल तर तो बोटानं किंवा शस्त्रानं फोडावा. पडद्यामागं जाड मांस असेल तर उपाय नव्हता. १७१० साली पॅरिसमध्ये लित्र या वैद्यानं सहा दिवसांत दगावलेल्या अशा एका बाळाचं शव तपासलं आणि म्हटलं, आतडं पोटावर आणून उघडता येईल. हे प्रत्यक्षात यशस्वी व्हायला आणखी त्र्याऐंशी वर्षं लागली. १७९३ साली फ्रान्समधल्या ब्रेस्ट या बंदराच्या गावी ड्युरे यांनी तीन दिवसांच्या बाळावर ही शस्त्रक्रिया केली. ते मूल पंचेचाळीस वर्षं जगलं. सगळ्या पुस्तकांत हे वाक्य आहे. त्या पंचेचाळीस वर्षांत पोटावरचं फडकं कुणी बदललं, हे एकाही पुस्तकात मला सापडलं नाही.

१८३५ ला अम्युसा यांनी आतड्याचं टोक खाली ओढून कातडीला शिवलं, म्हणजे जागच्या जागी छिद्र तयार केलं. १९३० ला अमेरिकेत वँगनस्टीन आणि राइस यांनी बाळाला उलटं धरून एक्स-रे काढायची युक्ती सांगितली. आतली हवा वर चढते आणि आतडं कातडीपासून किती लांब संपलं आहे ते दिसतं. १९५३ ला मेलबर्नच्या स्टीफन्स यांनी दाखवून दिलं की छिद्र पाडून भागत नाही, शी धरून ठेवणारा स्नायूंचा एक झोळ आतड्याला मागून वेढतो, आतडं त्याच्या आतून आणायला हवं. तरीही सर्जन तो झोळ डोळ्यांनी न बघता, बोटानं चाचपत काम करत. १९८० साली मेक्सिको सिटीत आल्बेर्तो पेन्या यांनी बाळाला पालथं घालून मागून, बरोबर मध्यरेषेतून, सगळं उघडलं. विजेच्या सौम्य धक्क्यानं कुठला स्नायू आकसतो ते बघितलं, आतडं त्याच्या मधोमध ठेवलं आणि एकेक थर परत शिवला. १९८२ ला त्यांनी आणि डी व्रीस यांनी ते छापलं. माझ्या भाच्याची मोठी शस्त्रक्रिया मुंबईला, याच पद्धतीनं, १९८९ च्या अखेरीस झाली. म्हणजे मेक्सिकोत शोध लागल्यावर दहा वर्षांच्या आत भालकीच्या पोराला त्याचा फायदा झाला. हे मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतल्या त्या पिढीचं ऋण आहे. त्या पिढीत बायकाही होत्या. शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता आणि पुढं मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या डॉ. स्नेहलता देशमुख मुळात बालशल्यचिकित्सकच होत्या.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी बहिणीच्या हातात धातूच्या गुळगुळीत कांड्यांचा संच आला. एकापेक्षा एक जाड. नवी जागा आकसू नये म्हणून रोज दोनदा कांडी घालायची, दर आठवड्याला एक नंबर वाढवायचा. शिकवायला दहा मिनिटं. लेकरू किंचाळायचं, सासू खोलीबाहेर जायची, आणि ही एकटी एका हातानं त्याचे पाय धरून दुसऱ्या हातानं कांडी. "माझ्याच हातानं माझ्या लेकराला एवढं दुखवायचं कुठल्या जन्मीचं मागणं होतं गं," असं तिनं मला पत्रात लिहिलं होतं.

ते पत्र मी जपून ठेवलं, आणि पुष्कळ वर्षांनी सुश्रुतसंहिता चाळताना दचकले. गुदाची वाट आकसून बारीक होते त्या रोगाला सुश्रुतानं सन्निरुद्धगुद म्हटलं आहे. उपाय दिला आहे तो असा: लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी, दोन्ही तोंडांना उघडी, तूप लावून घालावी, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घ्यावी. सुश्रुताला जन्मतः बंद असलेलं गुदद्वार उघडता येत होतं असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्याकडं सगळंच आधी होतं असं म्हणायची खोड मला नाही. पण हळूहळू, पायरीपायरीनं वाट रुंद करायची ही समज जुनी आहे. बहिणीला कुणी हे सांगितलं असतं, की बाई, तू नवीन क्रौर्य करत नाहीस, हा फार जुना उपचार आहे, तर तिची एखादी रात्र तरी सोपी गेली असती.

आणखी एक ग्रंथ आपल्या घरचा आहे. कलबुर्गी जिल्ह्यात सेडम तालुक्यात, कागिणा नदीच्या काठी, मळखेड आहे. राष्ट्रकूटांची मान्यखेट नगरी ती हीच. अमोघवर्ष नृपतुंगाची राजधानी. तिथल्या नेमिनाथांच्या दर्शनाला आपल्यातल्या पुष्कळ जणी जाऊन आल्या असतील. नवव्या शतकात याच नृपतुंगाच्या सभेत उग्रादित्याचार्य या जैन मुनींनी, औषधात मांस का वापरू नये, यावर वैद्यांशी वाद केला. त्यांचा कल्याणकारक हा वैद्यकग्रंथ १९४० साली सोलापुरातून वर्धमान पार्श्वनाथ शास्त्रींनी संपादून छापला. आमच्या आत्या सोलापूरच्या श्राविकाश्रमात शिकलेल्या, त्यांच्या कपाटात ती प्रत होती. हे वैद्यक प्राणावाय पूर्वातून आलं, म्हणजे थेट जिनवाणीचा भाग आहे, असं आचार्य सांगतात.

हे मी का सांगते? कारण माझ्या बहिणीला घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि एका शहाण्या पंडितानंही सांगितलं होतं की हे पूर्वकर्म आहे. कुणाचं, ते सांगत नव्हते, पण बघायचे तिच्याकडं. कर्मसिद्धान्त मी मानते. नामकर्मानं शरीर घडतं हे मीही पाठ केलं आहे. पण सगळं कर्मावर सोडून हात जोडून बसायचं असतं, तर एका निर्ग्रंथ मुनीनं बसून औषधांचा एवढा मोठा ग्रंथ कशाला रचला असता? आणि आईनं ग्रहण पाळलं नाही म्हणून, या दुसऱ्या आरोपाचं उत्तर तर साधं आहे. बाळाचं गुदद्वार गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांतच घडतं. तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. बहुतेक बाळांत याचं एकच असं कारण हाती लागत नाही. आईच्या खाण्यापिण्याशी, चालण्याबसण्याशी याचा संबंध नाही.

आता मूळ विषयाकडं येते. तीन शस्त्रक्रिया झाल्या, पोटावरची वाट बंद केली, कागदावर इंग्रजीत लिहून मिळालं की सगळं यशस्वी. आणि घरी आल्यावर कळलं की पोराची शी थांबतच नाही. दिवसभर थोडी थोडी निसटते. चड्डी सतत खराब. दोन-अडीच वर्षांचं मूल होतं तेव्हा कुणाला विशेष वाटलं नाही. पाच वर्षांचा झाला, शाळेत गेला, तेव्हा वास यायला लागला. मास्तरांनी त्याला दाराजवळ बसवलं. पोरांनी नाव ठेवलं, ते मी इथं लिहीत नाही.

फेरतपासणीला नेलं की जागा बघायचे, "जखम छान भरली आहे" म्हणायचे. ते खोटं नव्हतं. अडीचशे वर्षं सर्जन जो प्रश्न सोडवत होते त्याचं उत्तर त्यांना मिळालं होतं: वाट कशी काढायची. वाट निघाल्यावर मूल कोरडं राहतं का, चारचौघांत बसू शकतं का, हा प्रश्न वैद्यकानं मनावर घ्यायला फार उशीर केला. तोवर तो प्रश्न आयांच्या पदरात होता. पेन्यांच्या स्वतःच्या रुग्णांतही, एवढा कसबी हात असताना, साधारण पाव मुलांना शी धरून ठेवता येत नव्हती. उरलेल्यांतही पुष्कळांची अधूनमधून चड्डी खराब व्हायची. त्यांनीच पुढं त्यावर पद्धतशीर काम केलं आणि १९९८ ला आतडं रोज रिकामं ठेवण्याचा कार्यक्रम छापला.

शी धरून ठेवायला तीन गोष्टी लागतात. एक, आत काही आलं आहे हे कळणं. दोन, आवळून धरणारे स्नायू. तीन, आतड्याची चाल, म्हणजे सगळं एकदम बाहेर टाकून मग दिवसभर शांत राहणं. जन्मतः वाट बंद असलेल्या मुलांत हे तिन्ही कमीजास्त असतं. माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी नीट बनलेलं नसेल तर नसाही कमी असतात. म्हणून या मुलांचा कणा, मूत्रपिंडं आणि हृदय सुरुवातीलाच तपासतात. शस्त्रक्रिया कितीही सुंदर झाली तरी जन्मतः नसलेली नस सर्जन आणू शकत नाही.

इथं आम्ही एक मोठी चूक केली. प्रत्येक आई ती करते, म्हणून सविस्तर सांगते. शी सारखी निसटते म्हणजे याला जुलाब आहेत, असं आम्ही धरलं. मग त्याला पोट बांधणारं द्यायचं: भात, केळं, ताक, डाळिंबाच्या सालीचा काढा. पालेभाजी बंद. त्यात आपला चातुर्मास. पालेभाज्या तशाही वर्ज्य, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं काही नाही, दिवस मावळल्यावर पाणी नाही. पोराचं पोट आणखी टणक. आणि निसटणं वाढलंच. कारण त्याला जुलाब नव्हते, बद्धकोष्ठ होतं. आत शीचा मोठा गोळा साठून आतडं रबरी फुग्यासारखं ताणलेलं, आणि गोळ्याच्या कडेनं पातळ शी झिरपत बाहेर. बाहेरून जुलाब, आत खडा. साधा पोटाचा एक्स-रे काढला असता तर दिसलं असतं. अकरा वर्षं कुणी काढला नव्हता.

तो १९९९ ला काढला, एका लहान मुलांच्या सर्जनबाईंनी. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बहिणीला विचारलं, "रोज किती वेळा धुता?" बहीण म्हणाली, "सात-आठदा." त्या म्हणाल्या, "आता एकदाच धुवायचं. बाहेरून नाही, आतून."

म्हणजे एनिमा. आयुर्वेदात याला बस्ती म्हणतात. शब्द तोच. बस्तीत जाता यावं म्हणून पोराला बस्ती हवी होती, आणि ते आमच्या घरात कुणाला सुचलं नाही. जुन्या ग्रंथांत बस्तीची पिशवी बकऱ्या-रेड्यांच्या मूत्राशयाची सांगितली आहे. आता ती प्लास्टिकची मिळते, त्यामुळं आमच्या आजीचीही हरकत उरली नाही.

पद्धत ऐकायला सोपी आहे. आधी साठलेलं सगळं पूर्ण काढायचं. मग रोज एका ठरलेल्या वेळी मिठाचं कोमट पाणी मऊ नळीनं आत सोडायचं. मीठ लिटरला नऊ ग्रॅम, मोजून. साधं पाणी मोठ्या प्रमाणात कधीच नाही, लहान मुलाच्या रक्तातले क्षार त्यानं बिघडतात. या मुलांची गुदाची जागा सैल असते, पाणी लगेच बाहेर येतं, म्हणून टोकाला फुगा असलेली नळी वापरतात. फुगा आत फुगवला की बूच बसल्यासारखं होतं. काही मिनिटांनी फुगा सोडायचा आणि मूल अर्धा-पाऊण तास संडासावर बसवायचं. किती पाणी, त्यात आणखी काही घालायचं का, हे प्रत्येक मुलाचं वेगळं. पहिला आठवडा रोज एक्स-रे काढून, आत किती राहिलं ते बघून डॉक्टर माप ठरवतात. ज्या मुलांना शीची जाणीव आहे, स्नायू बरे आहेत, त्यांना नळी लागतच नाही, सोनामुखीच्या जातीचं रेचक माप ठरवून दिलं की ती स्वतः जातात. उलट ज्यांचं आतडं फार चपळ, त्यांना पोट बांधणारं खाणं आणि औषध लागतं. म्हणून शेजारणीच्या मुलाचं माप आपल्या मुलाला लावू नये.

आमच्यापुढं अडचण निराळीच आली: अर्धा तास बसायचं कशावर? भालकीच्या घरी संडासच नव्हता, सगळं शेतात. दाजींनी अंगणाच्या कोपऱ्यात खोली बांधली. पण पोर अर्धा तास उकिडवं बसेना, पायाला मुंग्या. मग सुतारानं लाकडी खुर्चीला मधोमध भोक पाडून दिलं. गावातला पहिला कमोड तो. लोक बघायला यायचे.

सहाव्या दिवशी त्याची चड्डी संध्याकाळपर्यंत कोरडी राहिली. बहिणीनं ती दोरीवर न धुता तशीच वाळत घातली. का, विचारलं तर म्हणाली, "बघू दे की लोकांना."

खाण्याचा प्रश्न राहिला. चातुर्मासासाठी मुक्कामाला असलेल्या एका माताजींना तिनं धीर करून विचारलं. माताजी म्हणाल्या, आजारी लेकराला पाणी आणि भाजी नाकारून तुला कुठलं पुण्य लागणार आहे? व्रत घेणाऱ्याचं असतं, लादायचं नसतं. पपई, दोडका, पालक, ज्वारीची भाकरी, रात्रीचं पाणी, सगळं सुरू झालं. सासूबाईंनीही मग विषय काढला नाही.

पण मुलगा मोठा होतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आईनं रोज नळी घालायची, हे दोघांनाही नको होतं. यावर इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या मलोन या सर्जननं १९९० साली एक तोड छापली होती. आंत्रपुच्छ, ज्याला आपण अपेंडिक्स म्हणतो आणि निरुपयोगी समजतो, त्याचं टोक पोटाच्या कातडीला, बहुतेकदा बेंबीशी आणून जोडायचं. मग मुलगा स्वतः संडासावर बसून बेंबीतून बारीक नळी घालतो, पाणी वरून खाली जातं आणि आतडं धुऊन निघतं. माझ्या भाच्यानं सतराव्या वर्षी हे करून घेतलं. त्यानंतरच तो होस्टेलवर राहायला गेला. बेंबी बघून कुणाला काही कळत नाही.

मुलींचं मात्र मला जास्त सांगायचं आहे. मुलींत पुष्कळदा शीची वाट पुढं, योनिमार्गाच्या तोंडाशीच, बारीक छिद्रानं उघडते. शी होते, म्हणून दाईलाही कळत नाही, आईला कळलं तरी ती गप्प बसते. मुलीचं आहे, बोभाटा नको. मग ती मुलगी कायम बद्धकोष्ठानं कुढत वाढते, आणि लग्नानंतर उघडकीला आल्याच्या नोंदी भारतातल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अशा मुलींचं गर्भाशय, अंडाशय बहुधा ठीक असतं, त्या आई होऊ शकतात, फक्त बाळंतपण कसं करायचं ते डॉक्टरांनी आधी ठरवावं लागतं. लहानपणी शस्त्रक्रिया झाली तर यातल्या बहुतेकींना शी धरून ठेवता येते. म्हणजे ज्यांचं सर्वांत चांगलं होऊ शकतं त्यांनाच आपण सर्वांत जास्त लपवतो.

सरकारनं २०१३ ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, महाराष्ट्रातल्या पालघरहून. त्यात जन्मतः दिसणाऱ्या नऊ दोषांची यादी आहे. फाटलेला ओठ आहे, वाकडं पाऊल आहे, हृदय आहे, मोतीबिंदू आहे. बंद गुदद्वाराचं नाव त्या नऊंत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च आता आयुष्मान योजनेतून होऊ शकतो, ही मोठी गोष्ट आहे. माझ्या बहिणीनं गळ्यातली बोरमाळ मोडली होती. पण घरी रोज लागणारी नळी, पिशवी, एक्स-रेच्या फेऱ्या, आणि आमच्यासारख्यांना मराठीत किंवा कन्नडात समजावून सांगणारी नर्स, हे अजून ज्याचं त्यानंच शोधायचं.

मागच्या दिवाळीनंतर मी भालकीला गेले होते. ती दाई अजून आहे, नव्वदीला टेकलेली, डोळ्यांना दिसत नाही. तिची नात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मी म्हाताऱ्या बाईंना विचारलं, आमच्या पोरानंतर असं कधी दिसलं का? तिनं बोटं मोजली. "दोन. एक पोरगा, एक पोरगी. दोन्ही पयल्याच तासाला सोलापूरला पाठिवले."

"पहिल्या तासाला कसं कळलं?"

"तुमच्या लेकराला मी दुसऱ्या दिवशी बघितलं, त्याची खंत हाय की मला. तवापास्नं न्हाऊ घालायच्या आधी पालथं करायची. आता हिलाबी सांगून ठिवलंय."

नात दारात उभी होती. म्हणाली, "करतो की. आधी पालथंच करतो."